डला पोलाकोव यांचे पुस्तक

निकाल आला तेव्हा धैर्यशील इंगवले कमरेपर्यंत दुधाच्या टाकीत होता. खिशातला फोन थरथरला, त्याने तसंच वाकून तो डोळ्यांसमोर धरला, आणि टाकीतून असा काही आवाज आला की बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या साहेबाला, ग्रेगला वाटलं, व्हॉल्व्ह गेला.

एकूण सहा. हवे होते साडेसहा.

अर्ध्या गुणासाठी शाळेतली पोरंसुद्धा रडत नाहीत. पण हा अर्धा गुण न्यूझीलंड सरकारला हवा होता. पूर्वी इथे वर्षभर कुशल नोकरी केली की या माणसाला इंग्रजी येतं असं धरून चालायचे. २०१६ संपता संपता तो नियम गेला आणि कायमच्या वास्तव्याचा अर्ज करायचा तर इंग्रजीच्या आयेल्ट्स परीक्षेचा दाखला आणा, असं फर्मान निघालं. धैर्यशीलचा वर्क व्हिसा पुढच्या वर्षी संपत होता. मुलगी इरा दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं इंग्रजीत. बायको विनया एका रिटायरमेंट व्हिलेजमध्ये म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला जायची आणि तिथे सगळ्यांची लाडकी होती. हॅमिल्टनमधलं हे सगळं बिऱ्हाड त्या अर्ध्या गुणावर तोल सांभाळत उभं होतं.

धैर्यशील 'ते रापा' नावाच्या भागातल्या एका छोट्या कंपनीत दुधाच्या टाक्या आणि पंप दुरुस्त करायचा. पाच वर्षांत त्याचं इंग्रजी कळलं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि लेखनात चक्क पाच? कोल्हापुरात पॉलिटेक्निकला असताना वार्षिक अंकाचा इंग्रजी विभाग त्याने संपादित केला होता. विभागात एकच लेख होता आणि तो त्याचाच होता, ही गोष्ट वेगळी.

"तुझी व्होकॅब्युलरी बेसिक आहे," रवींद्र म्हणाला. रवींद्र पुण्याचा, आयटीतला, चार गल्ल्या पलीकडे स्वतःच्या घरात राहणारा. त्याचं कायमचं वास्तव्य जुन्या नियमात बसून गेलं होतं, त्यामुळे परीक्षेवर सल्ला द्यायला तो पूर्णपणे मोकळा होता. "तू सगळीकडे गुड लिहितोस. हवा गुड, सरकार गुड, दूध गुड."

"मग दुधाला काय लिहू?"

"ते तुझं तू शोध. पण शब्द कसे पाहिजेत, ॲडव्हान्स्ड. जमेल का तुला, हा प्रश्न आहे."

हे शेवटचं वाक्य रवींद्रने बोलायला नको होतं. कोल्हापूरच्या माणसाला 'जमेल का' असं विचारलं की त्याचे परतीचे सगळे दोर तिथल्या तिथे कापले जातात.

त्याच शनिवारी एका चर्चच्या हॉलमध्ये जुन्या पुस्तकांची विक्री होती. स्वयंपाकाची पुस्तकं आणि मेंढ्यांचे आजार यांच्या मधोमध धैर्यशीलला एक जाडजूड ठोकळा दिसला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, कोरा करकरीत. वर इंग्रजीत टपोऱ्या अक्षरांत 'ॲडव्हान्स्ड इंग्लिश व्होकॅब्युलरी', आणि खाली बारीक अक्षरांत 'डला पोलाकोव'. लेखिका रशियन असावी. रशियन माणूस एखादी गोष्ट शिकला की मुळापासून शिकतो, असा धैर्यशीलचा बुद्धिबळावरून समज होता. त्याने हॉलमधूनच रवींद्रला फोन केला. "डला पोलाकोव ऐकलंयस का कधी? नाही? मोठी बाई आहे राव. जगात मान आहे तिला."

घरी येऊन त्याने प्लास्टिक फाडलं. शब्द इंग्रजी होते, वाक्यं इंग्रजी होती. पण अर्थ, सूचना आणि तळटीपा कुठल्या तरी भलत्याच भाषेत. अक्षरांना खाली शेपट्या, वर टिंबं, आणि एल तर मधोमध कापलेला.

इराने टॅबवर दोन मिनिटं बोटं फिरवली. "बाबा, इट्स पोलिश. 'डला पोलाकोव' इज नॉट अ पर्सन. इट मीन्स फॉर पोलिश पीपल."

जगात मान असलेली एक विदुषी नुकतीच वारली होती.

"परत देऊन या," विनया म्हणाली.

"चर्चची विक्री संपली."

"मग दुसरं घ्या."

"आणि रवींद्रला काय सांगू?"

विनयाने फक्त कुकरची शिट्टी काढून परत लावली. पण धैर्यशीलचा निश्चय झाला होता. इंग्रजी तर इंग्रजीच आहे ना? अर्थ पोलिशमध्ये असला म्हणून शब्द थोडाच बिघडतो? पंपाचं मॅन्युअल जर्मनमध्ये आलं तरी तो चित्रं बघून पंप जोडायचा. त्याने पुस्तकाला खाकी कव्हर घातलं, वर नाव घातलं, आणि रोज सकाळी पाच ते सात अभ्यास सुरू केला.

पहिल्या आठवड्यात प्रगती यथातथाच होती. दुसऱ्या आठवड्यात त्याला बत्तिसावं पान सापडलं. वर लाल चौकटीत 'उवागा!' असं काहीतरी ओरडून लिहिलेलं, आणि खाली दोन रकाने. डावीकडे ओळखीचे शब्द किंचित वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये, आणि उजवीकडे इंग्रजीत त्यांच्यासाठी दुसरे, भारदस्त शब्द. धैर्यशीलला एकदम उलगडा झाला. डावीकडे साधा शब्द, उजवीकडे ॲडव्हान्स्ड शब्द! रवींद्र म्हणत होता ते हेच. खात्रीसाठी त्याने चौकटीचा फोटो काढून फोनमधल्या भाषांतर ॲपला विचारलं. ॲपने उत्तर दिलं: 'सावधान! खोटे मित्र.'

इंग्रजी शब्दांच्या पुस्तकात खोटे मित्र कशाला येतील? क्षणभर त्याला वाटलं, ॲपला रवींद्रबद्दल काही सांगायचंय. मग त्याने ॲप बिघडलंय असा निष्कर्ष काढला आणि ते काढून टाकलं. बत्तिसावं पान मात्र त्याने पाढ्यासारखं पाठ केलं.

त्या पानानुसार 'कॅरव्हॅन' हा साधा शब्द, आणि त्यासाठी ॲडव्हान्स्ड शब्द 'हर्स'. 'ऑर्डिनरी' म्हणजे सामान्य; ॲडव्हान्स्ड रूप 'व्हल्गर'. 'हॅझर्ड'साठी 'गॅम्बलिंग'. धैर्यशीलला हे शब्द अधूनमधून कानावर पडल्यासारखे वाटायचे, पण चित्रपटांतून ऐकलेल्या अर्थावर विसंबणाऱ्यांपैकी तो नव्हता. छापील ते छापील.

सोमवारी ग्रेग खुशीत होता. ग्रेग म्हणजे वर्कशॉपचा मुख्य, सहा फूट दोन इंच, बारा महिने अर्ध्या चड्डीत. त्याने नवी कॅरव्हॅन घेतली होती आणि डबा खायच्या वेळी सगळ्यांना फोनवर फोटो दाखवत होता. धैर्यशीलने फोटो बघितला, घसा साफ केला आणि अभ्यासाचं पहिलं सार्वजनिक प्रदर्शन केलं.

"व्हॉट अ ब्यूटिफुल हर्स, ग्रेग! युवर होल फॅमिली विल फिट इन इट."

हर्स म्हणजे शववाहिका. टेबलावर एक जण सँडविच चावायचा थांबला. ग्रेगने फोटोकडे पाहिलं, धैर्यशीलकडे पाहिलं.

"चीअर्स, मेट," तो हळूच म्हणाला.

"यू मस्ट टेक युवर मदर फर्स्ट," धैर्यशीलने आग्रह केला. आईला आधी फिरवून आणावं, ही आपल्याकडची रीत. ग्रेगची आई त्या वेळी इस्पितळात होती, हे त्याला माहीत नव्हतं. ग्रेग फोन खिशात घालून उठून गेला. इंग्रजीचा एवढा परिणाम होतो हे पाहून धैर्यशीलचा हुरूप वाढला.

पुढच्या आठवड्यात इराच्या शाळेतून पत्र आलं: पालकांनी वर्गात येऊन आपल्या संस्कृतीबद्दल बोलावं, आधी थोडक्यात स्वतःची ओळख लिहून पाठवावी. धैर्यशीलने लिहिलं की तो एका व्हल्गर कुटुंबातला आहे, त्याचे आईवडील अत्यंत व्हल्गर होते, आणि इतकं व्हल्गर आयुष्य जगूनही त्यांनी मुलांना वाढवलं याचा त्याला अभिमान आहे. या व्हल्गर संस्कृतीची मुलांना ओळख करून द्यायला तो दोन तास देऊ शकतो. शाळेने आभार मानले आणि यंदा पालकांचा प्रतिसाद फार मोठा असल्यामुळे त्याची गरज लागणार नाही असं कळवलं. इरा दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, प्लीज जस्ट राइट नॉर्मल." पोरांना बापाची प्रगती बघवत नाही, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं.

खरा तडाखा बसला तो फेब्रुवारीच्या अखेरीस.

न्यूझीलंडमध्ये कामाच्या जागी सुरक्षिततेचं फार. प्रत्येक वर्कशॉपात एक हॅझर्ड रजिस्टर असतं. कुठे वायर लोंबतेय, कुठे फरशी ओली आहे, जो कोणी बघेल त्याने त्यात नोंद करायची. तीन नंबरच्या टाकीजवळ एक पाइप गळत होता आणि खाली कायम पाण्याचं थारोळं. धैर्यशील स्वतः त्यात घसरला. त्याने रजिस्टर उघडलं. वर 'हॅझर्ड' हा साधासुधा शब्द छापलेला पाहून त्याला थोडी दया आली, आणि त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"सीरियस गॅम्बलिंग निअर टँक थ्री. मेनी पीपल डू नॉट नोटिस. आय मायसेल्फ स्लिप्ड इन्टु इट यस्टरडे."

टाकीजवळ जबर जुगार चालतो, पुष्कळांच्या तो लक्षात येत नाही, काल मी स्वतः त्यात घसरलो. खाली सही, तारीख, वेळ.

दोन दिवसांनी त्याला पत्र आलं. कंपनीच्या मुख्य कचेरीतून फिलिपा नावाच्या एचआरच्या बाई गुरुवारी त्याला भेटायला येणार होत्या. विषय: आपण केलेला गंभीर खुलासा. सोबत आधारासाठी एक व्यक्ती आणता येईल.

"एवढ्या पाइपसाठी मुख्य कचेरीची बाई येते," धैर्यशील विनयाला कौतुकाने म्हणाला. "हे राज्य काय उगाच पुढं गेलंय?"

आधाराची व्यक्ती म्हणून त्याने रवींद्रला नेलं, कारण इतक्या मोठ्या प्रशंसेला साक्षीदार हवा. रवींद्र कोट घालून आला.

फिलिपा पन्नाशीची, मऊ बोलणारी, उंच टाचांची बाई होती. तिने टेबलावर पाण्याचा ग्लास आणि कागदी रुमालांचा खोका ठेवला. शेजारी ग्रेग, जमिनीकडे बघत.

"पुढे येऊन बोललात, हे फार धैर्याचं काम केलंत," ती इंग्रजीत म्हणाली.

"माझं नावच ते आहे," धैर्यशील नम्रपणे म्हणाला.

"हे कधीपासून चालू आहे?"

"सोमवारपासून. पण मला वाटतं आतून बरेच दिवस."

"कोण कोण यात आहे?"

"तिकडून जाणारे सगळेच. ग्रेगसुद्धा. शुक्रवारी मी पाहिलं त्याला."

ग्रेगने मान वर केली.

"आणि तुमचं स्वतःचं," फिलिपाने आवाज आणखी खाली आणला, "यात काय काय गेलं?"

"ओन्ली माय बॅलन्स."

"सगळा?"

"पूर्ण. क्षणात."

फिलिपाने ते लिहून घेतलं. इथे रवींद्रला आधार द्यायची लहर आली. "मॅडम, मी याला पाच वर्षं ओळखतो. चांगल्या घरचा आहे. ह्याच्या घरी पत्तेसुद्धा नाहीत."

"आहेत की," धैर्यशील म्हणाला. पत्त्यांचा विषय मध्येच का निघाला ते त्याला कळेना, पण खोटं कशाला? "गणपतीत रमी खेळतो आम्ही. इरापण शिकलीय."

"मुलंही?" फिलिपाने एक माहितीपत्रक त्याच्यापुढे सरकवलं. जुगाराचं व्यसन असणाऱ्यांसाठी मदतीचा नंबर होता, आणि तो चोवीस तास चालू होता. धैर्यशीलने ते उलटसुलट पाहिलं. पाइपचा उल्लेख कुठेच नव्हता.

शेवटी ग्रेगचा संयम सुटला. "दाखव मला," तो म्हणाला. "कुठे आहे तुझं हे गॅम्बलिंग, मला आत्ता दाखव."

चौघंही तीन नंबरच्या टाकीकडे निघाले. धैर्यशील पुढे, मागे वही घेतलेली फिलिपा. टाकीपाशी पोचून तो वळला, आणि हात करून काही सांगणार तोच फिलिपाची उंच टाच थारोळ्यावर पडली. वही एकीकडे, बूट दुसरीकडे. ग्रेगने तिला काखेत धरून अर्ध्यावर झेलली.

"देअर!" धैर्यशील विजयाने ओरडला. "दॅट इज द गॅम्बलिंग!"

खुलासा व्हायला वीस मिनिटं लागली. त्यातली दहा ग्रेग हसत होता, आणि हर्सचाही उलगडा त्यातच झाला. फिलिपा हसली नाही. तिच्यापुढे वेगळाच पेच होता. रजिस्टरमधली नोंद नियमानुसार खोडता येत नाही, उपाय लिहूनच ती बंद करावी लागते. तेव्हा कंपनीच्या दप्तरात आजही अशी नोंद असेल की टाकी क्रमांक तीनजवळचा जुगार पाइप बदलून आणि फरशी पुसून थांबवण्यात आला.

गाडीत रवींद्रने कोट काढून मांडीवर घेतला. मग म्हणाला, "ही डला पोलाकोव नक्की कोण रे?"

त्या संध्याकाळी धैर्यशील जेवला नाही. पुस्तक समोर ठेवून बसला. विनयाला वाटलं, आता हा ते कचऱ्यात टाकणार.

"हे शिकायचंच," तो म्हणाला. "आता तर शिकायचंच. पण पोलिश कळणारं माणूस पाहिजे."

विनयाने कपाळाला हात लावला. मग तिला आठवलं. "आमच्या तिथं गेल्या महिन्यात एक आजी राहायला आल्यात. हलिना. पोलिश आहेत म्हणे. पण स्वभावानं कडक हं. परवा डॉक्टरला बाहेर काढला."

हलिनाआजी ब्याऐंशी वर्षांच्या, काटक, खिडकीपाशी ताठ बसलेल्या. नवरा गोरा शेतकरी होता, मॉरिन्सव्हिलकडे त्यांच्या गाई होत्या. तो गेल्यावर घर विकून त्या इथे आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून बत्तिसावं पान वाचलं. धैर्यशीलने आपले पराक्रम सांगितले. हर्सपाशी त्या हसू लागल्या, व्हल्गरपाशी त्यांना ठसका लागला आणि गॅम्बलिंगला विनयाला पाणी आणावं लागलं.

"फॉल्स फ्रेंड्स," त्या डोळे पुसत म्हणाल्या. पोलिशमधले हे शब्द इंग्रजीसारखे दिसतात, पण अर्थ वेगळा. पोलिश 'कारावान' म्हणजे शववाहिका, 'हझार्द' म्हणजे जुगार. पोलिश माणसाने चुकून इंग्रजीत तसं बोलू नये म्हणून ही चौकट होती. जी चूक धैर्यशीलच्या हातून जन्मात झाली नसती, ती त्याने पहाटे उठून, पाठ करून केली होती.

"कुठला तू?" त्यांनी विचारलं.

"इंडिया."

"इंडियात कुठे?"

"निअर मुंबई." कोल्हापूर कुणाला कळणार, म्हणून तो नेहमी हेच सांगायचा.

"मुंबईजवळ म्हणजे कुठे? नीट सांग."

"कोल्हापूर."

आजींनी पुस्तक मांडीवर ठेवलं. खिडकीबाहेर बघितलं, परत त्याच्याकडे बघितलं. "वळीवडे," त्या म्हणाल्या. आणि मग एकेक शब्द, जुन्या पेटीतून काढल्यासारखा: "टांगा. गूळ. पंचगंगा. चल हट."

दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेल्या हजारो पोलिश बायकापोरांना कोल्हापूरजवळ वळीवड्याला छावणी बांधून ठेवलं होतं, हे धैर्यशीलने आजोबांकडून ऐकलं होतं. आठ वर्षांची हलिना आईबरोबर तिथे आली आणि बाराव्या वर्षापर्यंत राहिली. भाऊ आधीच न्यूझीलंडला पोचला होता, म्हणून मग मायलेकी इकडे आल्या.

"तिथे आता गांधीनगर झालंय," तो म्हणाला. "कपड्यांचा मोठा बाजार. माझा लग्नाचा कोट तिथलाच."

"चांगला होता?"

"गुड," तो म्हणाला आणि जीभ चावली.

"मंगळवारी आणि शनिवारी, चार वाजता," हलिनाआजी म्हणाल्या. "उशीर केलास तर दार बंद."

धैर्यशीलला वाटलं होतं, म्हातारी दोनचार पानांची भाषांतरं करून देईल. आजींनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. पुस्तकात दोन हजार शब्द होते आणि एकही सोडायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. एक शब्द झाला की त्याचं स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य करायचं. पाठ केलेलं चालणार नाही. अंदाजाने बोललेलं तर मुळीच नाही. "मला अर्थ माहीत नसेल तर मी माहीत नाही म्हणते," त्या म्हणायच्या. "तूही म्हण." शब्द बरोबर आला तर "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', चुकला तर "चल हट". पाच शब्द झाल्याशिवाय चहा नाही. एका शनिवारी गारठ्यात तो बिनचहाचा परतला, कारण 'रिलक्टंट', म्हणजे नाखूश, या शब्दाचं वाक्य त्याने तीनदा चुकवलं. तिथून बाहेर पडताना चिडून म्हणाला, "आय ॲम व्हेरी रिलक्टंट टु कम ऑन ट्यूजडे." आजींनी पाठीमागून हाक मारून चहा दिला.

सहा महिने असे गेले. त्याने त्यांच्या खिडकीची बिजागरी बदलली, हीटर दुरुस्त केला. प्रत्येक वेळी आजी इथल्या पद्धतीने 'थँक्स, हीप्स' म्हणायच्या, म्हणजे ढीगभर आभार. इराही कधी कधी यायची आणि दोघींची बाबांच्या उच्चारांवर एकी व्हायची.

ऑगस्टमध्ये त्याने पुन्हा परीक्षा दिली. निबंधाला विषय होता, वृद्धांनी घरच्यांबरोबर राहावं की संस्थेत? धैर्यशील पेन घेऊन तुटून पडला. दोन हजार शब्दांपैकी त्याने फार तर पंधरा वापरले, पण त्यांतल्या प्रत्येकाला तो नावानिशी ओळखत होता. तोंडी परीक्षेत मात्र तो इतका बोलला की परीक्षकाला घड्याळ दाखवावं लागलं.

निकाल आला तेव्हा या वेळी तो टाकीच्या बाहेर होता. लेखन साडेसहा. एकूण साडेसहा. त्याने ग्रेगला मिठी मारली, म्हणजे ग्रेगच्या बरगड्यांपर्यंत जेवढी पोचेल तेवढी.

"मी म्हटलंच होतं, व्होकॅब्युलरी," रवींद्र म्हणाला.

पुढच्या वर्षी, २०१८ च्या मध्यावर, कायमच्या वास्तव्याचं पत्र आलं, आणि डिसेंबरात इंगवले कुटुंब कोल्हापूरला जायला निघालं. निघण्याआधी धैर्यशील आजींचा निरोप घ्यायला गेला. वाकून पाया पडला. आजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि देवळातल्यासारख्या गंभीर आवाजात म्हणाल्या:

"ए पोरी, माजी चरवी दे की."

धैर्यशील वाकलेलाच राहिला.

"हा माझा आशीर्वाद आहे," आजी म्हणाल्या. "वळीवड्याहून आमची गाडी सुटली ना, तेव्हा आमची दूधवाली तानी खिडकीबरोबर धावत होती. हात पसरून, रडवेली होऊन हेच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी ते तसंच पाठ ठेवलं. दोन्ही मुलांच्या लग्नात म्हटलं. नातवंडांच्या बारशाला म्हटलं. नवऱ्याला, पीटरला पुरताना शेवटचं हेच म्हटलं." त्या थांबल्या. "नेमका अर्थ काय रे? विचारायला कुणी भेटलंच नाही."

धैर्यशील सावकाश सरळ झाला. 'सुखाने जा बाळ' असं म्हणायला काय हरकत होती? कुणाला कळणार होतं? पण या बाईने सहा महिन्यांत एकही अर्थ त्याला अंदाजाने दिला नव्हता. तो खुर्चीवर बसला आणि इंग्रजीत, शक्य तितक्या सावकाश म्हणाला, "ती म्हणत होती, ए मुली, माझं दुधाचं भांडं परत दे."

मग आजी उठल्या, कपाट उघडलं आणि आतून पितळेची एक चरवी काढली. तिच्यात विणकामाच्या सुया होत्या.

"त्या दिवशी सकाळी तानीने दूध हिच्यात घालून दिलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तिने ती मला आठवण म्हणून दिली." त्यांचे खांदे हलायला लागले. धैर्यशील घाबरून उठला, आणि पाहतो तो आजी हसत होत्या. "पीटरला पुरताना, धैर्य! सगळी माणसं डोळे पुसत होती!"

हसणं ओसरल्यावर त्यांनी सुया काढून चरवी घासायला घेतली. ती परत गेलीच पाहिजे. धैर्यशील म्हणाला, आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. आजींनी क्षणभर विचार केला आणि दुधाची पावडर मागवली. हॅमिल्टनभोवतालच्या वायकाटोतल्या गाईंच्या दुधाची, चरवी काठोकाठ भरेपर्यंत. वर स्वच्छ फडकं बांधून त्यांनी स्वतः गाठ मारली.

मुंबईला कस्टमच्या माणसाने गाठ सोडायला लावली. पांढरी पावडर पाहून त्याने साहेबाला बोलावलं, साहेबाने आणखी मोठ्या साहेबाला. धैर्यशीलने तिघांना पहिल्यापासून सगळी हकीकत सांगितली. मोठ्या साहेबाने चिमूटभर पावडर जिभेवर ठेवली आणि म्हणाला, "जा बाबा, पोचव."

कोल्हापुरात त्याने तीन दिवस गांधीनगर, वळीवडे पालथं घातलं. तानी नावाच्या दूधवाल्या बाया चिक्कार निघाल्या. तिसऱ्या दिवशी वळीवड्यात एका गोठ्यापुढे शेण गोळा करणाऱ्या पंचाहत्तरीच्या बाईने चरवी बघितली, हात पुसले आणि बुडावरचं ठोक्याठोक्यांनी कोरलेलं नाव बोटाने चाचपलं.

"ही तर आमच्या सासूबाईंची," ती म्हणाली. "गोऱ्या पोरीनं चरवी पळवली, गोऱ्या पोरीनं चरवी पळवली, असं मरेस्तोवर म्हणत हुत्या. आमी समदी हसायचो, म्हातारी कायबी बोलतीया म्हणून."

धैर्यशीलने लगेच व्हिडिओ कॉल लावला. हॅमिल्टनमध्ये रात्रीचे आठ वाजले होते. हलिनाआजी केस विंचरून, गळ्यात मोत्यांची माळ घालून फोनसमोर बसल्या होत्या. तानीच्या सुनेने फोनमधल्या गोऱ्या म्हातारीला नीट न्याहाळलं. मग फडकं सोडलं, पावडर हुंगली आणि नाक मुरडलं. "पावडर व्हय? आमच्या दारात बारा म्हशी हायत." चरवी चारी बाजूंनी फिरवून बघितली. आणि फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन विचारलं:

"आन् झाकान कुठाय हिचं?"

"काय म्हणाली?" आजींनी उत्सुकतेने विचारलं. त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. "धैर्य, काय म्हणाली ती?"

धैर्यशीलने तानीच्या सुनेकडे पाहिलं. फोनकडे पाहिलं. दोन हजार ॲडव्हान्स्ड शब्द त्याच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेले, आणि त्याने त्यांतला एकही घेतला नाही.

"शी सेज थँक यू, आजी," तो म्हणाला. "हीप्स."